बेळगाव: अपार्टमेंटच्या तीन वाटांना कॅमेरे बसवायचेत, दोन कोटेशनमध्ये अडकलोय, मदत हवी

अनगोळकर

नमस्कार मंडळी. आमचं अपार्टमेंट अनगोळकडं, तीन विंग, बेचाळीस फ्लॅट. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. मी पेशानं अकाउंट्सवाला. वायरीतलं मला फ्यूज बदलण्यापलीकडं कळत नाही, म्हणून इथं विचारतोय.

आत यायच्या वाटा तीन. मेन गेट, त्यातनं गाड्या आणि माणसं दोन्ही. मागचं छोटं गेट बोळात उघडतं, दूधवाला, कामाच्या बायका, ट्यूशनची पोरं सगळी तिथनं. आणि बेसमेंट पार्किंगचा रॅम्प. सहा वर्षांपूर्वीचे चार कॅमेरे आहेत, आणि ते चालू आहेत, हेच दुखणं आहे. बंद असते तर निदान भरवसा तरी ठेवला नसता.

गेल्या महिन्यात बी विंगमधल्या एका काकांची स्कूटर रात्री गेली. सकाळी आम्ही चौघं वॉचमनच्या केबिनमध्ये त्या छोट्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं उभे. रात्रीचं दिसलं सगळं. दोघं आले, एकजण गेटजवळ थांबला, दुसऱ्यानं स्कूटर ढकलत आणली, वॉचमनच्या खुर्चीला वळसा घालून गेले. खुर्चीत वॉचमन होता, तोही दिसला. पण ओळखायचं कशावरनं? कॅमेरा गेटच्या कमानीवर चौदा फूट उंच. त्यातनं एकाची टोपी दिसली आणि दुसऱ्याचं टक्कल. त्यांनी आणलेल्या बाईकची नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा गोळा. काका शेजारी उभे राहून एकच म्हणत होते, "जरा मोठं करून बघा की." जितकं मोठं केलं तितके चौकोन मोठे झाले.

वर डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचं, घड्याळ चाळीस मिनिटं पुढं. ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पोलिसांना आम्ही जी वेळ सांगितली त्यावरनं ते खानापूर रोडवरच्या दुकानांची फुटेज बघत बसले, आणि त्या वेळेला तिथनं कोण गेलंच नव्हतं. चूक लक्षात येईपर्यंत तीन दिवस गेले. आपल्याकडं चोरलेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात शिनोळीपलीकडं महाराष्ट्रात जाते, नाहीतर चोर्ला घाटानं गोव्यात. हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता जनरल बॉडीत पैसे मंजूर झालेत. दोन कोटेशन आलीत.

पहिलं: आहे त्या कोअॅक्स (टीव्हीच्या केबलसारख्या) वायरीवरच नवे आठ कॅमेरे, ५ मेगापिक्सेल, नवा डीव्हीआर, २ टीबी हार्डडिस्क. बावन्न हजार. "महिनाभर रेकॉर्डिंग राहतंय" असं तोंडी सांगितलंय.

दुसरं: सहा आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, ४ मेगापिक्सेल, नवीन कॅट-सिक्स (नेटवर्कची) वायर, एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डर), पीओई स्विच (त्याच वायरीतनं कॅमेऱ्याला वीजही देणारा). अठ्ठ्याण्णव हजार. कॅमेरे दोन कमी, मेगापिक्सेल एक कमी आणि पैसे जवळजवळ दुप्पट. हे मी कमिटीला कसं पटवू? एक मेंबर तर म्हणाले, "अण्णा, पाच मोठं की चार मोठं, तेवढं सांग."

अजून दोन अडचणी. मागचं गेट केबिनपासनं कंपाउंडच्या कडेनं मोजलं तर १३० मीटर. तिथं वायफायचा कॅमेरा लावा असं एकानं सुचवलंय. आणि ए विंगच्या तळमजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, रॅम्पचा कॅमेरा त्यांच्या बाल्कनीत बघतोय, कपडे वाळत घालायलाही संकोच वाटतो. त्यांचं चूक नाही.

काय करावं?

वायरमनदादा

साहेब, मी खानापूरचा, पंधरा वर्षं हेच काम करतोय. तुमच्या गावात माझा धंदा नाही, त्यामुळं मोकळं बोलतो.

पाच की चार हे सोडून द्या. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: जिथं माणूस ओळखायचा, तिथं एका मीटरला किती पिक्सेल पडतात? युरोपच्या २०१५ च्या मापात याची पायरी ठरलेली आहे. ओळखीचा माणूस कळायला मीटरला १२५ पिक्सेल लागतात, अनोळखी माणूस नक्की पटवायला २५०. आता तुमचा जुना कॅमेरा धरा. बहुतेक २ मेगापिक्सेल, म्हणजे आडवे १९२० पिक्सेल, आणि २.८ मिलिमीटरची लेन्स. ही लेन्स साधारण शंभर अंश बघते. आठ मीटरवर तिला जवळजवळ एकोणीस मीटर रुंदीचं दृश्य दिसतं. १९२० भागिले १९, मीटरला शंभर. दुचाकीची मागची प्लेट २० सेंटिमीटर रुंद. तिच्या वाट्याला वीस पिक्सेल, एका आकड्याला तीन-चार. त्यात काय वाचणार?

तीच २.८ ची लेन्स ठेवून ५ मेगापिक्सेल लावलात तर वीसचे सत्तावीस-अठ्ठावीस होतील. गोळा जरा मोठा, एवढंच. पण ४ मेगापिक्सेलचाच कॅमेरा १२ मिलिमीटरला ओढला, म्हणजे झूम केला, तर आठ मीटरवर दृश्य फक्त चारेक मीटरचं, म्हणजे गेटपुरतं. त्याच प्लेटवर सव्वाशे पिक्सेल येतात. कोटेशनमध्ये लेन्स लिहिलीय का बघा. पैजेवर सांगतो, दोन्हींत नसणार.

म्हणून एका वाटेला दोन कॅमेरे धरा. एक रुंद, कोण कुठनं आलं ते दाखवणारा. दुसरा अरुंद, फक्त ओळखणारा. चेहऱ्यासाठी उंची सात-आठ फूट, जास्त नाही. चौदा फुटावरनं टक्कलच दिसणार. "खाली लावला तर फोडतील" असं सगळे म्हणतात. फोडू दे की, फोडणाऱ्याचं तोंड तरी येईल, आणि रुंद कॅमेरा वरनं बघतोच आहे.

पांढऱ्या गोळ्याचं कारण वेगळं. नव्या नंबरप्लेटवर उजेड परत फेकणारी फिल्म असते. रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचा इन्फ्रारेड दिवा तिच्यावर पडतो, आणि अंधार म्हणून कॅमेऱ्यानं शटर संथ ठेवलेलं असतं. प्लेट जळून जाते. प्लेटच्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर किंवा त्याहून जलद ठेवायला सांगा. चित्र काळंकुट्ट दिसेल, कमिटीवाले ओरडतील. त्या काळोखात प्लेट मात्र छापल्यासारखी उठून दिसते. त्या कॅमेऱ्याचं काम तेवढंच.

हार्डडिस्कचा हिशोब तुम्ही अकाउंट्सवाले, पटकन कराल. १ एमबीपीएसनं (सेकंदाला एक मेगाबिट) चोवीस तासांत १०.८ जीबी. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४ एमबीपीएसवर ठेवला तर दिवसाला ४३ जीबी. सहा कॅमेरे, सुमारे २६० जीबी. २ टीबी किती दिवस पुरतंय?

अनगोळकर

साडेसात दिवस. महिना म्हणे!

वायरमनदादा

हां. एच-२६५ वर (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) २ एमबीपीएसपर्यंत उतरवता येतं, रात्री हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड असंही करता येतं, पण तरी सहाला ४ टीबीच्या खाली जाऊ नका. ८ घेतली तर झोप लागेल. आणि डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच, कॉम्प्युटरची नको.

मागच्या गेटाला वायफाय नको. बोळात दहा घरांचे राउटर, पावसाळ्यात भिंती ओल्या, त्या कॅमेऱ्याचं चित्र चोर यायच्या वेळेलाच अडकून गोल फिरत बसणार. कॅट-सिक्स वायर १०० मीटरपर्यंतच चालते, तुमचं १३०. मध्ये सी विंगच्या मीटर रूममध्ये छोटा पीओई स्विच टाकला की झालं. त्याहून चांगलं म्हणजे फायबर, काचेच्या तंतूची वायर. वळवाच्या विजा आपल्याकडं कशा कडाडतात ठाऊक आहे. एप्रिल-मे मध्ये माझे निम्मे फोन जळलेल्या पोर्टचे असतात. फायबरमधनं वीज येत नाही.

जुनी कोअॅक्स टाकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही. आतल्या जिन्यात, लिफ्टसमोर तिच्यावर अॅनालॉग कॅमेरे अजून छान चालतील. पैसे गेटांवर घाला.

आणि नवी वायर आली की टोक ब्लेडनं खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं अॅल्युमिनियम. परत पाठवा. अशा वायरीत लांबवर करंट पोचत नाही, रात्री दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होत बसतो.

कॅम्पवाली

आमच्या सोसायटीत हे सगळं दोन वर्षांपूर्वी झालं. तांत्रिक बाजू दादांनी सांगितलीच, मी वकिलीच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते.

फुटेज व्हॉट्सअॅपवर पोलिसांना पाठवू नका. पाठवताना व्हिडिओ पिळून निघतो, होते नव्हते ते पिक्सेलही जातात. एनव्हीआरमधनं मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा, आणि कुणी, कधी, कुठल्या मशीनवरनं काढली ते लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) भरायची असते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बी च्या जागी हे आलंय. मशीन ज्याच्या ताब्यात त्याची सही लागते, म्हणजे बहुतेक तुमचीच, सेक्रेटरीसाहेब.

घड्याळासाठी एनव्हीआरला इंटरनेटवरनं वेळ घ्यायला लावा, सेटिंगमध्ये त्यासाठी एनटीपी नावाची सोय असते. तरी दर महिन्याला मोबाइल शेजारी धरून ताडून बघा. आमच्याकडं वॉचमनच्या हजेरीच्या वहीतच तो रकाना काढलाय.

रेकॉर्डिंग किती दिवस, यावर तुमच्यात वाद होणारच. कर्नाटकात गर्दीच्या जागांसाठी २०१७ चा सार्वजनिक सुरक्षेचा कायदा आहे, त्यात ३० दिवस फुटेज ठेवायला सांगितलंय. तुमच्या अपार्टमेंटला तो लागतो की नाही याचा कीस पाडत बसू नका, तीस हा आकडा धरून चला.

वहिनींच्या बाल्कनीसाठी प्रायव्हसी मास्क म्हणून सोय असते. चित्रातला तेवढा भाग काळा चौकोन होतो, रेकॉर्डिंगमध्येही. पण आधी कॅमेऱ्याचं तोंड फिरवून बघा, मास्क नंतर. आणि मास्क लावल्यावर वहिनींना केबिनमध्ये बोलावून स्क्रीनवर दाखवा. आमच्याकडं नुसतं सांगितलं होतं, कुणाचा विश्वास बसला नाही.

मोबाइलवर लाइव्ह किती जणांना द्यायचं हे आधीच ठरावात लिहा. आम्ही सुरवातीला सगळ्या कमिटीला दिलं. एका महिन्यात कुणाच्या घरी कोण किती वाजता आलं याच्या गप्पा गणपतीच्या मांडवात सुरू झाल्या. आता दोघांकडंच आहे.

वायरमनदादा

ताईंचं बरोबर. अजून एक राहिलं. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणी सक्तीची झालीय. पासवर्ड, सॉफ्टवेअर, आतले सुटे भाग सगळं तपासतात. मॉडेल नंबर लेखी घ्या आणि त्या मॉडेलला एसटीक्यूसीचं, म्हणजे ही चाचणी बघणाऱ्या सरकारी खात्याचं, प्रमाणपत्र आहे का विचारा. एकदम स्वस्त मिळतंय म्हटलं की मला आधी जुना माल आठवतो. आणि बसवणाऱ्यानं घातलेला पासवर्ड तो गेल्या गेल्या बदला.

अनगोळकर

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. उशीर झाला, कारण मधल्या वेळात डेमो मागितला.

दोघांनाही सांगितलं, एक-एक कॅमेरा तात्पुरता लावून दाखवा, दिवसा नको, रात्री आठ वाजता, गाडीचे दिवे चालू ठेवून. पहिल्यानं "त्याची गरज नसते" म्हणून फोन ठेवला. दुसरा मुलगा आला. त्याच्या कोटेशनमध्येही लेन्स लिहिलेली नव्हती, दादा पैज जिंकले. पण सांगितल्यावर २.८ ते १२ ची ओढता येणारी लेन्स घेऊन आला. वॉचमनच्या स्टुलावर उभं राहून गेटच्या खांबाला आठ फुटावर बांधला, आणि मी स्वतः माझी दुचाकी घेऊन तीनदा आतबाहेर केली. एकदा हेल्मेट घालून, एकदा टोपी, एकदा नुसता. शटर जलद केल्यावर स्क्रीन काळी झाली. कमिटीतले तेच "पाच की चार" वाले मेंबर म्हणाले, "हे काय, करंट गेला काय?" आणि त्या काळोखात केए २२ पासनं शेवटच्या आकड्यापर्यंत माझी प्लेट लखलखीत. ते गप्पच झाले. मग स्वतःची गाडी आणायला गेले.

वायर खरवडून बघितली. तांबं होतं.

ठरलं ते असं: मेन गेटला तीन कॅमेरे (रुंद, चेहरा, प्लेट), मागच्या गेटाला दोन, रॅम्पला एक. रॅम्पचा खाली उताराकडं वळवला, बाल्कनी चित्रातच येत नाही, मास्कची गरज पडली नाही. वहिनींनी बघून घेतलं. ८ टीबी. सी विंगपर्यंत फायबर. एनव्हीआर आणि स्विचला वेगळा यूपीएस, कारण हेस्कॉमची लाइट पावसात कधी जाईल सांगता येत नाही. एक लाख सोळा हजारांवर गेलं, जनरल बॉडीकडनं परत मंजुरी घ्यावी लागली. त्या मीटिंगचा दीड तास मात्र पैशावर गेला नाही. "आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात" हा बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावर गेला. कन्नड वर, मराठी मधे, इंग्रजी खाली, शेजारी कॅमेऱ्याचं चित्र. अक्षरांचा आकार पेंटरवर सोडलाय.

आता एकच अडलंय. मागच्या गेटाला चेहऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी खांब उभा करावा लागतोय, कारण भिंत शेजाऱ्यांची आहे. मुलगा म्हणतो दोन इंची जीआय पाइप जमिनीत दीड फूट काँक्रीटमध्ये पुरला की पुरे. आठ फुटाचा खांब, बोळातनं वारं सरळ येतं, आणि पाऊस म्हणाल तर आषाढात आमच्याकडं छत्री उलटी होते. हलला तर चित्रही हलणार. दोन इंची पुरेल का, की तीन घ्यावा?

वायरमनदादा

तीन घ्या, अडीच फूट पुरा. आणि वायर वरनं कॅमेऱ्यात शिरते तिथं खाली एक झोळ ठेवायला सांगा, पाणी वायरीवरनं सरकत तिथनं ठिबकून जातं, आत जात नाही. जोड डब्यात, डब्याचं तोंड खाली. महिन्यातनं एकदा काठीला फडकं बांधून कोळ्याची जाळी काढा. रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांमागं कोळी, आणि मग सकाळी तुम्हाला चोराऐवजी कोळ्याचे आठ पाय दिसतात.