महाग अक्षर, स्वस्त अक्षर

बारीक अक्षर आणि भरपूर मोकळी जागा म्हणजे महाग माल, असं म्हणतात, ते पटतं. पण हा नियम कायमचा नाही. बर्बेरी या महागड्या ब्रिटिश फॅशन ब्रँडने २०१८ मध्ये आपल्या लोगोतल्या अक्षरांच्या शेपट्या (टोकांच्या बारीक रेघा) छाटल्या आणि २०२३ मध्ये परत लावल्या. सगळेच साधे झाले की साधेपणातला रुबाब जातो.

आमच्या बेळगावात कुंद्याचे, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचे, खोके बघा. जुन्या वळणाच्या खोक्यावर लाल-पिवळी, सावली दिलेली जाडजूड अक्षरं, फोन नंबर, 'आमची कुठेही शाखा नाही', सगळं कोंबलेलं. नव्या 'प्रीमियम' खोक्यावर नाव एका कोपऱ्यात, तेही बारीक इंग्रजीत. कुंदा तोच, भाव चढा!

पाट्यांची गंमत आणखी वेगळी. कर्नाटकच्या २०२४ च्या कायदादुरुस्तीने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीची. उरलेल्यात इंग्रजी नाव डिझायनरकडून घडवून आणलेलं, आणि मराठी नाव फ्लेक्सवाल्याकडे सापडेल त्या फॉन्टात. जागेत बसावीत म्हणून अक्षरं दोन्ही बाजूंनी इतकी चेपलेली, की काने काडीसारखे होतात आणि शिरोरेषा तेवढी जाड उरते. बड्या शोरूमच्या पाटीवर तर मराठी नसतेच, गिऱ्हाईक निम्मं मराठी असलं तरी. मराठी भेटते ती छोट्या दुकानात, गल्ल्यावर: 'उधारी बंद आहे'.