बेथोवनची पाचवी: क्लायबर, गार्डिनर की फुर्टव्हेंगलर?

प्रश्न: बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची या तीन कंडक्टरांची (वाद्यवृंद-संचालकांची) रेकॉर्डिंग हाताशी आहेत. नेमकं काय आणि कुठे ऐकून तुलना करावी?

उत्तर १: आधी आवाज सारखा करा. जरा मोठं वाजणारं कानाला उगाचच सरस वाटतं. मग फक्त सुरुवातीच्या पाच मापांवर (माप म्हणजे बार, तालाचा एक छोटा घटक) थांबा. चार स्वरांचा आघात दोनदा येतो, दोन्हींच्या शेवटी स्वर धरून ठेवायचा ठहराव (फर्माटा) आहे, पण दुसरा ठहराव एका मापाने लांब लिहिलाय. फुर्टव्हेंगलर (बर्लिन, मे १९४७, मोनो) हे ठहराव भरपूर ताणतात, गार्डिनर झटकन पुढे जातात.

उत्तर २: लयीचा हिशोब करून बघा. बेथोवनने दिलेली वेगाची खूण मिनिटाला १०८ मापं. पहिल्या भागात ५०२ मापं, पहिली १२४ पुन्हा वाजवली की ६२६. म्हणजे पावणेसहा मिनिटं, वर ठहराव आणि ओबो या फुंकवाद्याचा एकल तुकडा. गार्डिनर या वेगाच्या जवळ आहेत. क्लायबर (व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७४) सव्वासात मिनिटांच्या वर जातात, तरी रेंगाळल्यासारखे वाटत नाहीत. ताल कुठेच सैल सुटत नाही ना!

उत्तर ३: नुसत्या मिनिटांवर जाऊ नका, शेवटच्या भागात काहीजण पुनरावृत्ती गाळतात. पहिल्या भागातलं माप ३०३ ऐका. तिथली हाक बेथोवनने बसून (bassoon) या खालच्या सुराच्या लाकडी फुंकवाद्याला दिलीय. आधुनिक वाद्यवृंदात बऱ्याचदा ती हॉर्न या पितळी वाद्याकडे जाते. दणदणीत वाटतं खरं, पण मला लिहिलेला तो खरखरीत बसूनच आवडतो.