अलास्कात मासेमारीला जाताना आखूड नळीचं मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्वर, कोणतं घ्यावं?

सॉकाय_सातारकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी आम्ही अँकरेजला आलो, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी हातात पडलं. उन्हाळ्यात रशियन रिव्हरवर सॉकाय सॅमन पकडायला जातो. गेल्या जुलैत पलीकडच्या काठावर तपकिरी अस्वलाची मादी दोन पिल्लं घेऊन उतरली, मधे फारतर वीस पावलांचं पाणी, ती मासा फाडत बसली आणि आम्ही सगळे तोंडाने बोलत बोलत हळूहळू मागे सरकलो. झालं काहीच नाही. पण माझा ९ वर्षांचा मुलगा माझ्या वेडरचा (पाण्यात उभं राहायच्या जलरोधक पँटचा) पट्टा मुठीत घट्ट धरून उभा होता, ती पकड मला अजून जाणवते.

बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) आहेच आणि तो राहणारच. त्याच्या जोडीला एक रिव्हॉल्वर घ्यायचं ठरवलंय. पाण्यात उभं राहायचं, वाकायचं, जाळी उचलायची म्हणून आखूड नळी हवी. डोक्यात दोन आहेत: रुगर सुपर रेडहॉक अलास्कन, अडीच इंची, ४४ मॅग्नम (मोठं, जोरदार काडतूस), नाहीतर स्मिथ अँड वेसन ६२९ चार इंची. दुकानातला माणूस मात्र एक हलकं स्कँडियम फ्रेमचं ४४ मॅग्नम गळ्यात मारायला बघत होता, "दिवसभर अंगावर जाणवणार नाही" म्हणे. मी आजवर फक्त नाइन एमएम पिस्तूल चालवलंय, तेही रेंजवर. सांगा काय करू.

रानवाट_फेअरबँक्स

सातारकर, आधी त्या हलक्या गनचं सांगतो कारण तिथेच लोक फसतात. ४४ मॅग्नम पाऊण किलोच्या गनमधून सुटो की सव्वा किलोच्या, काडतूस तेच असतं, ताकद तीच असते, फरक एवढाच की हलक्या गनमध्ये तो सगळा धक्का तुमच्या तळहातावर येतो. मी एका ओळखीच्या माणसाचं तसलं रिव्हॉल्वर चालवून बघितलं. चौथ्या गोळीनंतर अंगठ्याच्या बुडाची कातडी सोलली होती आणि पाचवीला माझं मनच तयार होईना. अस्वल अंगावर येतंय आणि पहिली गोळी चुकली तर दुसरी किती लवकर आणि किती नेमकी जाते यावर सगळं आहे. जी गन महिन्यातून पन्नास गोळ्या चालवायला नको वाटते ती नुसती छातीवर बांधून हिंडायची, त्याने सुरक्षित वाटतं, होत काहीच नाही.

अजून एक, फार हलक्या गनमध्ये जोरदार काडतुसं वापरली की धक्क्याने शेजारच्या चेंबरमधल्या (सिलिंडरच्या खोबणीतल्या) काडतुसाची शिशाची गोळी आपल्या पुंगळीतून थोडी पुढे सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरायचा थांबतो आणि मग ट्रिगर कितीही ओढा. अशा वेळी हातात लोखंडाचा तुकडा उरतो.

अलास्कन चांगली आहे. सव्वा किलोची, सहा गोळ्यांची, नळी फ्रेमच्या बाहेर जवळजवळ येतच नाही, रबराची जाड मऊ मूठ. पण आखूड नळीची किंमत माहीत असू द्या: गोळीचा वेग घटतो, अर्धवट जळलेली दारू तोंडाशी येऊन पेटते त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात डोळ्यांपुढे भगभगीत जाळ, आवाजाने कानठळ्या, आणि पुढची-मागची माशी जवळजवळ असल्यामुळे हात केसभर हलला तरी नेम हातभर चुकतो. माझं मत ६२९ चार इंचीला. वेडरचे पट्टे आणि सॅक कमरेवर येतात म्हणून होल्स्टर छातीवरच लागतं, आणि छातीवर दीड इंच नळी जास्त असल्याने काहीही अडत नाही. आखूड नळीचा फायदा गाडीत बसताना किंवा जॅकेटखाली, नदीत नाही.

वऱ्हाडी_परिचारिका

माझा हात लहान आहे म्हणून मी वेगळं सांगते. मोठ्या फ्रेमचं रिव्हॉल्वर घेताना सगळे नळी मोजतात, ट्रिगरपर्यंत बोट पोचतं का ते कुणी बघत नाही. दुकानात मूठ नीट धरा, गनचा मागचा कणा मनगटाच्या रेषेत ठेवा आणि तसंच ठेवून बोट ट्रिगरवर न्या. माझं बोट टोकानेच लागायचं, घोडा आधी न ताणता नुसत्या ट्रिगरच्या लांब ओढीने गोळी सोडायची म्हटलं की अख्खी गन डावीकडे वळायची. शेवटी मी ६२९ सोडून मॉडेल ६९ घेतलं, तेही ४४ मॅग्नमच पण फ्रेम एक नंबर लहान, गोळ्या पाच. एक गोळी कमी चालेल, चुकीची पकड नाही चालणार.

आणि दादा, पहिल्याच दिवशी मॅग्नम भरू नका. ४४ मॅग्नमच्या चेंबरमध्ये ४४ स्पेशल (त्याच जाडीचं पण आखूड, सौम्य काडतूस) खुशाल चालतं (उलटं नाही हं, स्पेशलच्या गनमध्ये मॅग्नम कधीच नाही). स्पेशलची २४६ ग्रेनची गोळी साधारण ७५० फूट सेकंदाला जाते, धक्का सोसवतो. त्यावर शे-दोनशे गोळ्या काढा. फक्त स्पेशल आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये काजळीचं कडं बसतं, ते ब्रशने घासल्याशिवाय मॅग्नम भरायला गेलात तर काडतूस अडकतं.

आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी एक सराव करून घेतला तो सांगते. त्या सिलिंडरमध्ये तीन खऱ्या आणि दोन रिकाम्या पुंगळ्या भरून फिरवून हातात द्यायच्या, कुठे काय आहे आपल्याला माहीत नाही. रिकामी आली की आवाज नाही, धक्का नाही, आणि आपल्याच हातातलं नळीचं टोक खाली डुचकी मारताना डोळ्यांना दिसतं. मला वाटायचं मी दचकत नाही. तीन आठवडे लागले ती डुचकी जायला. इनडोअर रेंजवर कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही.

सिएटलचा_समीर

शस्त्राचं मला कमी कळतं पण दोन कायद्याच्या गोष्टी. ग्रीन कार्डवाल्याला ४४७३ फॉर्म (दुकानात गन घेताना भरायचा फेडरल अर्ज) भरून विकत घेता येतं. एच-वन-बीवर असलेल्यांनी हा धागा वाचून दुकानात जाऊ नये, त्यांना फेडरल कायद्याने गन बाळगायलाच बंदी आहे, अपवाद आहेत (वैध शिकारीचं लायसन्स वगैरे) पण ते वकिलाला विचारूनच.

दुसरं, उन्हाळ्यात गाडीने खाली बाकीच्या अमेरिकेत यायचा बेत असेल तर रस्ता कॅनडातून जातो. तिथे १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची हँडगन प्रतिबंधित वर्गात येते. म्हणजे अडीच इंची काय आणि चार इंचीसुद्धा (१०१ मिलिमीटर). गाडीत ठेवून बॉर्डरवर जाऊ नका, "अस्वलासाठी आहे" हे तिथे चालत नाही.

रानवाट_फेअरबँक्स

समीरने बरं केलं. मीही एक राहिलेलं सांगतो. अलास्कात जिवासाठी अस्वल मारावं लागलं तर गोळी मारून विषय संपत नाही. कातडं आणि कवटी काढून राज्याच्या फिश अँड गेम खात्याला जमा करायची, पंजाची नखं कातड्यालाच ठेवून, आणि १५ दिवसांत लेखी रिपोर्ट. तीनशे किलोचं जनावर पावसात सोलायचं, त्याची पिल्लं झाडीत कुठेतरी ओरडत असणार. म्हणून स्प्रे आधी. २००८ साली टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो यांनी अलास्कातल्या स्प्रे वापरलेल्या प्रसंगांचा अभ्यास छापला, त्यात स्प्रे जवळ असलेल्या माणसांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नव्हती. वाऱ्याचं भान ठेवावं लागतं, पण स्प्रेला नेम थोडा चुकला तरी चालतो, गोळीला चालत नाही.

गोळी घ्याल तेव्हा हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) नको, ती आत जाऊन फुलते आणि थांबते. कडक शिशाची, सपाट नाकाची घ्या.

सॉकाय_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन बघितली. अलास्कनमधून स्पेशल मजेत गेली, मॅग्नमला जाळ बघून डोळे मिटले गेले ते माझं मलाच कळलं. ६२९ ला बोट व्यवस्थित पोचलं, पाच यार्डांवर सहापैकी पाच कागदी ताटलीत. ताईंचा रिकाम्या पुंगळ्यांचा सराव केला, दोन्ही वेळा नळी खाली गेली.

तर ६२९ चार इंची, छातीवरचं होल्स्टर, आणि घरात बायकोला आणि मलाच उघडता येईल अशी कुलपाची पेटी. हा सीझन मात्र ते पेटीतच राहील, सराव झाल्याशिवाय नदीवर नेणार नाही. सरावासाठी नुसतं पाणी भरलेले स्प्रेचे दोन डबे मागवलेत. एक मुलासाठी, शनिवारी अंगणात त्याला सेफ्टी क्लिप काढायला शिकवतोय.