होमोसिस्टीन वाढले म्हणून गोळी घ्यायची, की ते का वाढले हे शोधायचे?

मालती (फोंडा)
काल येथे एका सदस्यांनी लिहिले की कोलेस्टेरॉल हे थोतांड आहे, हृदयविकाराचे खरे मूळ होमोसिस्टीन (रक्तातील एक अमिनो आम्ल) आहे आणि फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी घेतली तर झटका येणारच नाही. त्याखाली लोकांनी आभार मानलेले पाहून मला राहवले नाही. मी तीस वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

१९६९ मध्ये किल्मर मॅकली या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने दोन निरनिराळ्या जन्मजात दोषांनी दगावलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या. दोन्ही दोषांत होमोसिस्टीन भरमसाट वाढते, आणि दोन्ही मुलांच्या धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड झालेल्या होत्या. त्यावरून, थोडे वाढलेले होमोसिस्टीनही धमन्या बिघडवत असेल, असा तर्क त्याने मांडला. तर्क प्रामाणिक होता आणि म्हणूनच तो पुढे तपासला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या होप-२ चाचणीत ५,५२२ रुग्णांपैकी निम्म्यांना फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ ही जीवनसत्त्वे सुमारे पाच वर्षे दिली. त्यांचे होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. त्याच वर्षीच्या नॉर्वेतील चाचणीनेही हेच दाखवले. आकडा उतरला म्हणजे हृदय वाचले असे नव्हे.

दुसरी गोष्ट नमुन्याची. रक्त काढल्यावरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, म्हणून नमुना बर्फात ठेवून तासाभरात प्लाझ्मा (रक्ताचा पेशींविना द्रव भाग) वेगळा करावा लागतो. नाहीतर आकडा तासाला सुमारे दहा टक्क्यांनी चढतो. काणकोणात सकाळी घरी जाऊन घेतलेली नळी दुचाकीच्या डिकीतून अडीच तासांनी माझ्या टेबलावर आलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि हात लावला तर ती कोमट लागत असे. त्या अहवालावर माणसे वर्षभर गोळ्या खातात.

जुवारी
मालतीताई, तुमच्या अनुभवाचा मान राखून लिहितो. माझ्या मोठ्या भावाला एकेचाळिसाव्या वर्षी झटका आला. विडी-सिगारेट नाही, मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल व्यवस्थित. नंतर एका डॉक्टरांनी होमोसिस्टीन तपासले तेव्हा ते ३८ निघाले; एरवी पंधराच्या वर गेले तरी जास्त मानतात. ही तपासणी आधी कोणी सांगितली असती तर अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी चार रात्री काढल्या नसत्या. शिवाय तुम्ही अर्धेच सांगितले. त्याच होप-२ मध्ये पक्षाघात कमी झाले होते. २०१५ मध्ये चीनमधील वीस हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांत फॉलिक ॲसिडमुळे पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने घटले. हे का गाळले?

मालती (फोंडा)
पक्षाघाताचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तो मान्य करते. मात्र चीनमधील त्या सर्वांना रक्तदाबाचे औषधही चालू होते, आणि तेथे पिठात फॉलिक ॲसिड मिसळण्याची पद्धत नव्हती, म्हणून गोळीचा फायदा उठून दिसला असावा. मला मात्र एवढेच विचारायचे आहे की भावाचे बी-१२ किती होते? होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनिन (शरीराला लागणारे दुसरे अमिनो आम्ल) होण्यासाठी फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचेच रूप) आणि बी-१२ दोन्ही लागतात. बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले तर हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते आणि मज्जातंतू आतून झिजत राहतात. ते शाकाहारी आहेत का?

बांगडा
मी उत्तर देतो. गोव्यात राहून मासळी न खाणाऱ्यांनी हा रोग ओढवून घेतला आहे. बांगडा, तारली, तिसऱ्या (शिंपल्या) यांत बी-१२ ठासून भरलेले आहे. आमच्या घरी या तपासणीची गरज कोणाला पडली नाही.

कुळागर
आम्ही भटजींच्या घरातले. आमच्या वाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिजलेली नाही, आणि माझे आजोबा नव्वदाव्या वर्षी माडांना आळी करत होते. आमच्या स्वयंपाकघरात काय शिजावे हे तुम्ही ठरवू नये. तुमच्याकडेही १ जून ते ३१ जुलै मासळीबंदी असते, मग श्रावण येतो. तेव्हा तुमचे बी-१२ कोठे जाते?

बांगडा
यकृतात साठून राहते, वर्षानुवर्षे पुरते. आधी माहिती घ्यावी, मग बोलावे. आणि आजोबांचे रक्त कोणी तपासले होते?

गोठा (सत्तरी)
मी पशुवैद्य आहे. भांडणापूर्वी हे वाचावे. गाय मासळी खात नाही, तरी तिला बी-१२ मिळते, कारण तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील जिवाणू चाऱ्यातील कोबाल्टपासून ते बनवतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात काही भागांत हिरव्यागार कुरणातही गुरे-मेंढ्या वाळून मरत. जमिनीत कोबाल्टच नव्हते हे १९३० च्या दशकात कळले. माणसाच्या मोठ्या आतड्यातही जिवाणू बी-१२ बनवतात, पण ते शोषले जाते त्याआधीच्या लहान आतड्याच्या टोकाला, त्यामुळे आपल्या हाती काही लागत नाही. कुळागरबाब, दुधात ते असते. पण पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते, आणि रोजची गरज सुमारे दोनची आहे. चहातल्या दुधावर ती भागत नाही.

गेल्या महिन्यात एकांनी अकरा वर्षांचा लॅब्राडोर आणला. त्याचे होमोसिस्टीन वाढलेले होते, आणि हृदयासाठी जीवनसत्त्व लिहून द्या, असा त्यांचा आग्रह होता. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहिले तेव्हा मूत्रपिंडे निकामी होत चालल्याचे कळले. ती बिघडली की माणसातही हा आकडा चढतो. मला त्या कुत्र्याचे पाणी आणि खाणे बदलायचे होते, मालकांना मात्र गोळी हवी होती.

मालती (फोंडा)
बांगडाभाई, तुमच्या घरालाही सूट नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने ४४१ पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी आणि निम्म्याहून अधिक जणांत होमोसिस्टीन जास्त निघाले. शाकाहार हे त्याचे मोठे कारण होते, पण एकमेव नव्हते. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याचे बी-१२ मासळी खाऊनही उतरू शकते.

बांगडा
माझी आई बारा वर्षे मेटफॉर्मिन घेते. तपासून घेईन. माशांविषयी म्हटलेले मात्र मागे घेत नाही.

कुळागर
मीही काही मागे घेत नाही. तरी सांगणे भाग आहे. आईच्या तळपायांना सहा महिने मुंग्या येत होत्या; अंधारात पायाला चप्पल आहे की नाही हेही तिला कळेनासे झाले, आणि आम्ही ते वयावर ढकलले. गेल्या पावसात बी-१२ तपासले तर फारच कमी, ११० निघाले. इंजेक्शने सुरू केली. त्यासाठी मासळी लागली नाही, इंजेक्शन लागले. मुंग्या कमी झाल्या, पण पायाची जाणीव अजून पूर्ण आलेली नाही.

जुवारी
ताई, काल रात्री दादाची फाईल काढून शेवटपर्यंत चाळली. तो शाकाहारीच आहे. होमोसिस्टीन तीन वेळा तपासलेले आहे: ३८, मग २६, मग २४. तीन वर्षे फक्त फॉलिक ॲसिड चालू आहे. बी-१२ चा एकही अहवाल त्यात नाही. तीन वर्षांत मीही कोणाला विचारले नाही. गेल्या दिवाळीपासून तो शर्टाची बटणे लावायला वहिनीला हाक मारतो, ते आम्ही थकवा समजत होतो. सोमवारी सकाळी त्याला घेऊन जातो. बी-१२ ची नळीही बर्फात ठेवावी लागते का, तेवढे कळवा.

मालती (फोंडा)
त्याला बर्फ लागत नाही. सोमवारची वाट पाहू नका, उद्याच न्या. इंजेक्शन सुरू होण्याआधी रक्त द्या, आणि बटणांचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.