लॉर्ड वेलस्लीचं चरित्र वाचायचंय, सुरुवात कुठून करू?

मुळामुठा:
तैनाती फौज आणि वसईचा तह, शाळेत वेलस्ली एवढाच भेटला. तो मूळचा आयर्लंडचा आणि म्हातारपणी तिथलाच लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा प्रतिनिधी, झाला, हे आत्ता कळलं. माणूस म्हणून तो समजून घ्यायचाय. इंग्रजी वाचायची तयारी आहे. जाणकारांनी वाट दाखवावी.

जुनी पानं:
जन्मापासून सुरू करू नका, कंटाळाल. थेट 1821 गाठा, तो लॉर्ड लेफ्टनंट झाला ते वर्ष. आयर्लंडात राज्य प्रॉटेस्टंट जमीनदारांचं, रयत बहुतेक कॅथलिक, आणि कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायची बंदी. वेलस्ली जमीनदार घराण्यातलाच, तरी ही बंदी उठावी या मताचा. राजा तिसऱ्या विल्यमचा डब्लिनमधला पुतळा सजवायची ऑरेंजवाल्यांची, म्हणजे या प्रॉटेस्टंट राजाला मानणाऱ्या कट्टर प्रॉटेस्टंटांची, प्रथा त्याने 1822 साली बंद पाडली. डिसेंबरात तो नाटकाला गेला, तर त्याच्यावर बाटली भिरकावली गेली! 1825 मध्ये त्याने दुसरं लग्न केलं तेही एका अमेरिकन कॅथलिक विधवेशी. 1828 ला धाकटा भाऊ आर्थर, आपल्या असईच्या लढाईतला, पंतप्रधान झाला. कॅथलिकांच्या प्रश्नावर भावाशी पटेना म्हणून याने पद सोडलं. आणि वर्षभरात त्याच भावाला ही बंदी उठवणारा कायदा करावा लागला. हा भाग वाचल्याशिवाय वेलस्ली कळत नाही, असं माझं ठाम मत.

वसईकर:
आयर्लंडमधला उदारपणा आधी वाचलात तर इथला वेलस्ली सौम्य वाटायला लागेल, म्हणून मी उलटा क्रम सांगेन. ऑक्टोबर 1802 मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि 31 डिसेंबरला वसईत सही झाली. त्या दिवसांतले वेलस्लीचे खलिते छापलेले आहेत, पाच खंड. सगळे नकोत, 1802 ते 1804 पुरे. सोबत कॅसलरेची टिपणं वाचाच. तोही आयर्लंडचाच, लंडनला भारताचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष. या तहाने मराठ्यांच्या भांडणात आपण कायमचे गुंतू, अशी शंका त्याने 1804 मध्येच घेतली होती.

जुनी पानं:
वसईकर, खलित्यांचं मान्य. पण त्यात तो सरकारी भाषेत बोलतो. माणूस हवा असेल तर खाजगी पत्रं. श्रीरंगपट्टण जिंकल्यावर त्याला मार्क्वेस हा उमरावाचा किताब दिला, पण आयर्लंडच्या सरदारकीत. इंग्लंडची मिळाली नाही म्हणून इतका चिडला, की या किताबाला त्याने 'दुहेरी मुलाम्याचा बटाटा' म्हटलं, बटाटा म्हणजे आयर्लंडवर टोमणा. पहिली बायको ह्यासिंथ भारतात आलीच नाही, त्या दोघांची पत्रंही आहेत.

मुळामुठा:
दोघांचेही आभार. आधी वसईची दोन वर्षं, मग ह्यासिंथची पत्रं, मग डब्लिन. कॅसलरेचं टिपण कुणाकडे स्कॅन केलेलं असेल तर कळवा.