सागाच्या वलयांत १९७२ चा दुष्काळ तीन वेगवेगळ्या वर्षी येतोय

रानखूण
चंद्रपूरकडच्या सागाच्या ११ चकत्या. सगळी झाडं एप्रिल २०१९ मध्ये तोडलेली, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेल्या. सालीलगतचं वलय २०१९ धरून आत मोजलं, तर ७२ चं म्हणून अपेक्षित असलेलं बारीक वलय चार चकत्यांत १९७२ ला येतं, पाचांत १९७३ ला आणि दोनांत १९७५ ला. चार बरोबर आणि सात चुकीच्या धरायच्या का?

गोलाई
उलटं असण्याची शक्यता जास्त. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, त्या वर्षीची वाढ सुरूच झालेली नसते. म्हणजे सालीलगतचं वलय २०१८ चं. सगळे आकडे एकाने मागे घ्या: त्या पाच १९७२ वर बसतात आणि ‘बरोबर’ वाटणाऱ्या चार १९७१ वर जातात. त्या चारांत एखादं खोटं वलय जास्तीचं मोजलं गेलं असणार.

१२० वर ते दिसणारही नाही. २२०, ३२०, ४००, ६०० असं चढत जा. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नका. छिद्रांतली धूळ हवेच्या झोताने काढा. मग दहापट भिंग. खरं वलय मोठ्या छिद्रांच्या रांगेने आणि तिच्यालगतच्या फिकट पट्ट्याने एकदम सुरू होतं, आणि ती कड घेरभर धरून पुढे नेता येते. पावसाने लांब दडी मारून पुन्हा जोर धरला की खोटं वलय उमटतं. त्याची कड विरत जाते किंवा घेरात मधेच संपते.

पाचर
प्रत्येक चकतीवर किमान दोन त्रिज्या घ्या आणि दर दहाव्या वलयावर घेरभर पेन्सिल फिरवा. एका बाजूला गहाळ असलेलं वलय तिथेच पकडलं जातं.

नंतर आलेख कागदाच्या पट्ट्या: वर्षाला एक घर, शेजाऱ्यांपेक्षा वलय जितकं बारीक तितकी उंच रेघ. पट्ट्या एकमेकींवर सरकवून जुळवा. एकट्या ७२ वर जुळवण्यात अर्थ नाही, एखादं बारीक वलय कुठेही सापडतं. पाच-सहा बारीक वलयांमधली अंतरं सगळीकडे तीच आली पाहिजेत. ‘कोफेचा’ (COFECHA) हा वलयांची वर्षं जुळतात का ते तपासणारा संगणक प्रोग्राम नंतर वापरा. तो संशयाची जागा दाखवतो, निकाल लाकडावरच लागतो.

आणि प्रत्येक बारीक वलय दुष्काळाचं नसतं. अळीने पावसाळ्यात पानं फस्त केली तरी वाढ खुंटते. रोपवनात विरळणी झाली की पुढची काही वलयं पाऊस कसाही असो, रुंद येतात. विरळणीची वर्षं वनखात्याच्या नोंदींतून काढा. नाल्याकाठच्या झाडांना पाणी मिळत राहतं, ती बाजूला ठेवा.

रानखूण
१९७५ वाल्या दोन्ही चकत्यांची साल गेलेली आहे, कड कुऱ्हाडीने तासलेली. टाकून द्यायच्या?

गोलाई
नको. बाहेरची दोन वलयं तासली गेली असतील तर दोन वर्षांची चूक अगदी बाहेरच्या वलयापासूनच दिसेल आणि आतपर्यंत तेवढीच राहील. बाहेरचा भाग इतर पट्ट्यांशी जुळतो आणि मधेच कुठेतरी हुकायला लागतो असं असेल, तर वलयं आत गहाळ आहेत. हुकायला लागतं तिथेच भिंग लावा.