मदत हवी आहे: बीपीच्या गोळीनं नखं खराब होतात काय?

पऱ्हाटी: मायले बीपी हाय, गोळी सुरू झाल्यापासून नखं पिवळी पडून टोकाकून सुटून राह्यली, कापूस वेचाले गेली का बोंडाचं टोक आत घुसते, लय दुखते. मेडिकलवाला म्हणते गोळीनं असं होतच नाही. होते का नाही, लवकर सांगा.

अमरावतीकर: कोणती गोळी? हातायची का पायायची? एकच का सारी?

पऱ्हाटी: पांढरी बारकी. सरकारी दवाखान्यातून भेटते.

कट्टाबहाद्दर: कॅल्शियम कमी हाय, दुसरं काई नाही. तीळ खाऊ घाला. मी तं लसणावरच बीपी आटोक्यात ठेवलं.

अमरावतीकर: शेवटचं कधी मोजलं?

कट्टाबहाद्दर: मोजाले कायले लागते, मले समजते ना.

मीनल_पुणे: माझ्या बाबांना ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज आली होती, गोळी बदलल्यावर उतरली.

औषधवाला: ताई, इथं नखाचं चालू हाय. पऱ्हाटी, पांढऱ्या तं लय गोळ्या हायत, पट्टीवरचं नाव वाच. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असल्या बीटा ब्लॉकरनं, म्हणजे धडधड कमी करून बीपी उतरवणाऱ्या गोळ्यायनं, क्वचित नखं सुटतात, खड्डे पडतात, सोरायसिस (चामडीचा आजार) असन तं उफाळते. थायझाइड म्हणजे लघवीची गोळी असन तं उन्हानं बी सुटू शकतात.

काळीमाती: तणनाशकाचं पाह्यलं का कोणी? पॅराक्वाट हातावर सांडून आमच्या गड्याची नखं गळाली होती. गोळीले उगाच बदनाम करता.

पऱ्हाटी: माय फवारत नाही, बाबा फवारते. हातायचीच चार-पाच नखं हायत. पट्टीवर ॲटेनोलॉल ५० लिवलं हाय. तसंही भेवानं तिनं सोमवारपासून घेतलीच नाही.

औषधवाला: हे पयले सांगाचं ना बापा! ही गोळी एकदम सोडत नाहीत, बीपी उसळते, धडधड होते, छातीत दुखू शकते. डॉक्टरले गाठ, बदलाची तं तेच हळूहळू कमी करतीन. नख खरडून बुरशीची तपासणी बी करून घे, बुरशी निंघाली तं गोळीचा दोष नसू बी शकते. सुटलेलं नख काडीनं कोरू नको, कापून बारीक ठेव. गोळी बदलली तरी नख महिन्याले ३ मिमीच्या आसपास वाढते, पुरं याले ५-६ महिने धर.

पऱ्हाटी: बरं. उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळले नेतो.

औषधवाला: उद्या नाही, आज. उपकेंद्रात सिस्टरकडं बीपी तं मोजून घे. छातीत दुखत असन तं सरळ १०८ ले फोन लाव.

कट्टाबहाद्दर: अन् तीळ?